पाचव्या दगडाची नजर

धाराशिवच्या एका शाळेत मल्लिनाथ सर पंचवीसएक वर्षे चित्रकला शिकवीत आले, असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुस्थिती अशी की, त्यांच्या निम्म्या तासिका गणिताने नेल्या आणि उरलेल्या निम्म्यांत त्यांनी स्नेहसंमेलनाच्या कमानी, पाहुण्यांच्या स्वागताचे फलक आणि मतदार जागृतीच्या रांगोळ्या काढल्या. चित्रकलेच्या दालनात पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचली गेली, तेव्हा त्यांनी मुख्याध्यापकांना लेखी कळवले. मुख्याध्यापकांनी दाद दिली नाही, तेव्हा संस्थेला कळवले; संस्थेने दिली नाही, तेव्हा संस्थेच्याही वर कळवले. पोती हलली नाहीत. शिक्षकांच्या खोलीत त्यांचे नाव मात्र 'अर्जदार' पडले.

"अर्जदारांना चहा आधी द्या रे," कोणीतरी शिपायाला सांगे, "नाहीतर चहाचाही अर्ज जाईल वर."

सगळे हसत, ते हसत नसत. आपल्या एकाही कागदाला कधी सरळ उत्तर आले नाही, यात हसण्यासारखे काय आहे, हे त्यांना खरोखरच समजत नसे.

शाळेबाहेर त्यांना सर म्हणणारे फारसे कोणी नव्हते, म्हणून आपणही मल्लिनाथच म्हणू. तर या मल्लिनाथने पन्नाशी ओलांडल्यावर एक फिल्म करायला घेतली. माणसे उभी करून चित्रित केलेली फिल्म नव्हे; एकेक चित्र हाताने काढून, त्या चित्रांना ओळीने पळवून केलेली. संध्याकाळी शाळेतून आला की तो गॅलरीत बसे. जुन्या खिडकीची काच दोन विटांवर आडवी ठेवलेली, काचेखाली ट्यूबलाइट, आणि काचेच्या कडेला लाकडी पट्टीत ठोकलेले दोन खिळे. प्रत्येक कागदाला दोन भोके पाडायची, कागद खिळ्यांवर बसवायचा, खालच्या कागदावरची रेघ उजेडातून वर दिसू लागली की तिच्यापासून केसभर सरकवून नवी रेघ काढायची. एका सेकंदाला बारा चित्रे. कोणी एक पाऊल उचलून पुढे टेकवले, तर तेवढ्यात बारा कागद संपत. आणि त्या बारांत पावलाबरोबर जोडवे हलले पाहिजे, लुगड्याचा काठ हलला पाहिजे, धूळही थोडी उडून बसली पाहिजे. काढून झालेली चवड हातात धरून तो कागद अंगठ्याखालून सर्रकन सोडी, आणि पाय चालू लागे. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे येई, ते शाळेत कोणी पाहिलेले नव्हते.

त्याची पत्नी गायत्री ते पाहत असे आणि म्हणत असे, "एक दिवस ह्या काचेवर मी पापड वाळवणार आहे. मग बसा अर्ज करत."

त्या फिल्ममध्ये पाहणारा माणूस नव्हता. पाहणारा दगड होता.

मल्लिनाथचे गाव माकणीजवळ. धरणाचे पाणी जिथे लांबवर चकाकताना दिसते, तिथे त्यांचे शेत. मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे त्या भागातली येळवस. त्या दिवशी गावात कुत्रे उरत नाही, सगळे शेतात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात. कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात, त्यांना पांडव म्हणतात. त्यांची पूजा होते, पिकाभोवती ताकातली आंबील शिंपडत फेरी होते, 'ओलगे, ओलगे' असा पुकारा होतो, आणि मग शेंगा-भाज्या बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, खीर, आंबील. संध्याकाळी माणसे घरी जातात. कोप वाऱ्याने विस्कटते, पिकाची काढणी होते, आणि पाच दगड तिथेच राहतात, पुढच्या येळवसेपर्यंत.

लहानपणी दगडांना चुना लावण्याचे काम भावंडांकडे असे. चार मोठे दगड थोरला शिवशरण रंगवी आणि पाचवा, सगळ्यांत लहान, मल्लिनाथच्या वाट्याला येई. तो त्याच्या मुठीपेक्षा फार मोठा नव्हता. त्याच्याच नजरेने मल्लिनाथने फिल्म काढली.

सुरुवातीला पडद्यावर काळोख. मग ओल्या चुन्याचा एक फटकारा, मग दुसरा. पडदा पांढरा होतो आणि त्या पांढऱ्यातून दगडाची दृष्टी उघडते. दगड जमिनीलगत बसलेला, म्हणून त्याला माणसे गुडघ्यापर्यंतच दिसतात: भेगाळलेल्या टाचा, हळद लागलेली बोटे, परकराची झालर, बैलाचे खूर. चेहरा त्याचाच दिसतो, जो दगडापुढे वाकतो. मग दिवस कलतो, पाय वळतात, बांधापलीकडे लहान होत जातात. त्यानंतर वर्षभराचा दगड. चुन्याचे पोपडे उडतात तशी त्याची नजर ठिकठिकाणी मावळते. उन्हाळ्यात अर्धे शेत दिसते, पावसात चुना धुपून सगळे गढूळ, आणि दिवाळीच्या सुमारास जवळजवळ अंधार. त्या अंधारात दगड फक्त ऐकतो. कोणी येते आहे का. मग पुन्हा चुन्याचा फटकारा, पुन्हा पाय. मात्र त्यांत एक जोड कमी. त्याच्या पुढच्या वर्षीही कमीच. शेवटच्या दृश्यात घरची सगळी माणसे उन्हात हसत निघून जातात आणि मागे वळून एकही पाऊल पाहत नाही.

निघून जाण्याचे ते दृश्य मल्लिनाथने सर्वांत जास्त राबून काढले होते. ज्वारीची पाने, पानांआडून सरकणाऱ्या टाचा, पाण्यावरची तिरीप, ट्रॅक्टरच्या मागे लोंबणारे एका मुलीचे पाय. वर्षभराच्या संध्याकाळी त्यात गेल्या.

आता हे सगळे कशासाठी, हे गायत्रीला ठाऊक होते. फिल्म एकाच प्रेक्षकासाठी होती आणि तो प्रेक्षक माकणीजवळच्या शेतात राहत होता. शिवशरणने ती पाहावी आणि 'ये' म्हणावे, एवढेच मल्लिनाथला हवे होते.

दोघा भावांचे बोलणे एका कडुलिंबाच्या झाडावरून थांबले होते. पांडव ज्या लिंबाखाली मांडत, तो लिंब शिवशरणने तोडला. ऊस ढोकीच्या कारखान्याला जायचा आणि ट्रॉली वळवायला जागा नव्हती, हे त्याचे म्हणणे. आजोबांच्या हातचे झाड ट्रॉलीसाठी जाते, हे मल्लिनाथचे म्हणणे. त्याने भावाला तोंडी काही सांगितले नाही. कचेरीत रीतसर तक्रार दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या अर्जाची दखल घेतली गेली, आणि तीही कधी, तर येळवसेच्या दिवशी. पंगत बसलेली असताना पंचनाम्याला माणसे आली. त्या दिवशी शेतात आलेल्या कोणालाही उपाशी पाठवायचे नसते, म्हणून त्यांनाही पाने मांडली गेली. त्यांनी भज्जी दोनदा मागून घेतली, हात धुतले, आणि मग बुंध्याचा घेर मोजून कागद केला. शिवशरण भरल्या पानावरून उठला होता.

"जेवायला आला हुतास का साक्ष द्यायला?" एवढेच तो बोलला.

त्यानंतर मल्लिनाथ येळवसेला गेला नाही. तक्रार चुकीची होती असे त्याला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. बोलावणे आले असते तर मात्र तो त्याच पावली निघाला असता. दर मार्गशीर्षात तो फोन हाताशी ठेवी. अमावास्येला सारे धाराशिव ओस पडे, बाजारपेठेला कुलपे लागत, शेजारीपाजारी टोपल्या बांधून आपापल्या गावी जात, आणि मल्लिनाथ गॅलरीतून रिकामा रस्ता पाहत उभा राही. गायत्री म्हणे, "चला, आपणच जाऊ." तो म्हणे, "बोलावल्याशिवाय?" मग ती घरीच भज्जी करी. गॅसवरच्या भज्जीला चव येत नाही, अशी त्याची त्यावर तक्रार असे.

फिल्म झाल्यावर ती दाखवण्याची संधीही आली. शहरातल्या एका महाविद्यालयात लघुपटांची संध्याकाळ होती. तिची जुळवाजुळव करणारा रणधीर हा मल्लिनाथचाच माजी विद्यार्थी. मल्लिनाथने शिवशरणला पत्रिका पोस्टाने पाठवली. सोबत एक ओळ लिहावी असे त्याच्या मनात होते. तिचे चार मसुदे झाले आणि शेवटी पत्रिका कोरीच गेली.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि भाषण करून लगेच गेले. मल्लिनाथची फिल्म लागली तेव्हा मागच्या रांगेतली मुले उठू लागली होती आणि सभागृहाचे दार उघडेच असल्यामुळे पडद्यावरच्या अंधारात रस्त्यावरचे दिवे मिसळत होते. फिल्म संपल्यावर एका प्राध्यापकांनी विचारले, "सर, कॅमेरा इतका खाली का ठेवला? माणसांची तोंडं दिसत नाहीत."

"कॅमेरा नाही तो," मल्लिनाथ म्हणाला, "दगड आहे."

"हो, पण थोडा वर घेतला असता."

रणधीर आपुलकीने म्हणाला, "सर, एवढे कष्ट कशाला घेतले? आता मोबाईलमध्ये दोन मिनिटांत होतं हे. नुसतं सांगायचं, दगड काढ, पाय काढ."

पारितोषिक ड्रोनने टिपलेल्या जिल्ह्याच्या दृश्यांना मिळाले. ज्याने जिल्हा वरून पाहिला त्याला ढाल, आणि ज्याने खालून पाहिला त्याला सहभागाचे प्रमाणपत्र. त्यावर नावही 'मलिकनाथ' असे छापलेले. एरवी या एका प्रमाणपत्रावर मल्लिनाथने तीन अर्ज केले असते. त्या संध्याकाळी त्याचे लक्ष दुसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर होते. तिच्यावर त्याने रुमाल टाकून ठेवला होता. कार्यक्रम संपल्यावर त्याने तो उचलला, घडी केली आणि खिशात ठेवला.

पुढे पंधरवड्याने त्याची आई पार्वतम्मा गुडघे दाखवायला धाराशिवला आली. ती शिवशरणकडेच राहत असे. शिवशरण तिला जीपने घेऊन आला. पण जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. मल्लिनाथ गॅलरीत होता. त्याला जीपच्या खिडकीतून बाहेर आलेले भावाचे कोपर दिसले, वर दुमडलेली बाही, मनगटावरचा काळा दोरा. आई उतरली, पिशवी उतरली, कोपर आत गेले आणि जीप वळली. मल्लिनाथ जिन्यावरून धावत खाली पोचेपर्यंत गल्लीत फक्त धूळ होती.

"चहा घेतला असता त्यांनी," तो आईला म्हणाला.

"त्याला चहाची आन घातली न्हाय कुणी," पार्वतम्मा म्हणाली. "तू हाक मारायची हुतीस वरनं. तोंड हाय का न्हाय तुला? का त्येबी लिवून द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आईला फिल्म दाखवली. तिला पलंगावर बसवले, लॅपटॉप उशीवर ठेवला. पार्वतम्मा पदर सावरून, देवळात बसावे तशी बसली. चुन्याचा पहिला फटकारा आल्यावर ती दचकली आणि मग हसली. लिंबाची सावली कोपीवर हलताना पाहून तिने "अय्यो" म्हटले. पाय तिने एकेक ओळखले. "ही तुझी वैनी, कस्तुरा. टाच बघ, तशीच आपटती. ह्यो शिवशरण. ही मी?" स्वतःची जोडवी दिसल्यावर ती लाजली. पडद्यावर तिचा चेहरा दगडापुढे वाकला, हळदकुंकू वाहिले आणि वर गेला, तेव्हा तिने आपल्या गालाला हात लावून पाहिला. मग वर्षभराचा अंधार आला आणि ती पुढे वाकली. शेवटी सगळी माणसे हसत निघून गेली आणि फिल्म संपली.

मल्लिनाथ वाट पाहत होता. इतक्या वर्षांत कोणत्याही उत्तराची त्याने एवढी वाट पाहिली नसेल.

"लई झाक काढलंय तम्मा," पार्वतम्मा म्हणाली; धाकट्याला ती तम्माच म्हणे. "पर हे खोटं हाय."

"कुठं खोटं?"

"वाटा कुठाय ह्यात?"

"कसला वाटा?"

"येळवसेला जो आला न्हाय त्याचा. पांडवाम्होरं ठेवत्यात न्हवं? तुझा काका मिल्ट्रीत हुता तवा तुझ्या बापानं सुरू केलं. तू तवा जन्मला नव्हतास. काका आला माघारी, मग कोण चुकलंच न्हाय येळवसेला, म्हनून वाटा न्हाय. तू यायचा बंद झालास, तवापासनं पुन्ना हाय."

मल्लिनाथने लॅपटॉप मिटला. तो घरचा होता तोवर दर वर्षी पंगतीत होता, म्हणून वाटा त्याने पाहिला नव्हता. आणि वाटा ठेवला जाऊ लागला तेव्हा तो तिथे नव्हता.

"तू ठेवतेस?"

"माज्या गुडघ्यानं वाकवतंय व्हय? तुझा अण्णा ठेवतो. उकिडवा बसून ठेवतो त्या बारक्या दगडाम्होरं. आधी तुझं पान, मग पंगत. त्याची पोरगी एकदा उंडा उचलाय गेली तर हातावर मारलं तिच्या. सांजच्याला निघताना ते पान म्हशीला घालायचं. तुझा वाटा खाऊन खाऊन म्हैस माजलीया नुसती."

गायत्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसू लागली आणि हसता हसता तिने तोंडाला पदर लावला.

मल्लिनाथच्या अंगात मात्र अर्जदार जागा झाला. "अव्वा, ही कलाकृती आहे. त्यात घडलेलं जसंच्या तसं यायलाच पाहिजे असं नसतं. कला म्हणजे काही पंचनामा नव्हे."

"पंचनामा तूच आणला हुतास," पार्वतम्मा शांतपणे म्हणाली. "आन दगड जर बघतो म्हनतोस, तर त्याला सगळ्यात आधी काय दिसंल? नाकाम्होरं ठेवलेलं दिसंल. त्ये सोडून लांबचं कसं दिसलं त्याला?"

जो वाकतो त्याचाच चेहरा दगडाला दिसतो, हा नियम मल्लिनाथनेच घातला होता. आणि त्या नियमाने फिल्ममध्ये शिवशरणला चेहरा नव्हता, नुसते पाय होते. दर वर्षी सर्वांत आधी आणि सर्वांत जवळून जो चेहरा दगडाने पाहिला, तोच नेमका काढायचा राहिला होता. शिवाय एवढ्याशा दगडापुढे भरलेले पान ठेवले, तर पलीकडचे काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ज्वारी नाही, टाचा नाहीत, पाण्यावरची तिरीप नाही. वर्षभर खपून काढलेले निघून जाण्याचे दृश्य त्या उंड्याच्या मागे गेले असते.

त्याने काचेवर कोरा कागद लावला. उंडा काढला, पुसला. मोठा केला, लहान केला. पान केळीचे की पत्रावळ? आंबील तांब्यात की वाटीत? डावीकडे की उजवीकडे? आईला विचारावे, तर ती म्हणे, "मला काय ठावं, मी चुलीपाशी असते." पेन्सिल हातात धरून तो बसून राही. पाहिलेले नसताना काढणे त्याला जमत नव्हते, आणि भावाच्या हातचे तर मुळीच नाही.

अमावास्या जवळ आली तशी पार्वतम्मा पिशवी भरू लागली. "मला पोचवाय ये," ती म्हणाली.

"अण्णा काही बोलले का, मी यावं असं?"

"घरच्याला आवतन देत्यात व्हय रं येळवसेचं?" ती खरोखरच चकित झाली. "वाटंनं जाणाऱ्याला हाक मारून बसवतो आपण. तू एवढी वर्सं आवतनाची वाट बघत बसला हुतास? आमी समजलो, तुला यायचं न्हाय."

एसटीत उभे राहायला जागा नव्हती. टोपल्या, आंबिलीची गाडगी, मांडीवर पोरे, आणि साऱ्या गाडीला आंबट ताकाचा वास. मल्लिनाथ आईच्या आसनापाशी दांडी धरून उभा होता. बाहेर ज्वारी हिरवी होती आणि शेताशेतांत कोपी उभ्या राहिल्या होत्या. गायत्री खिडकीतून त्या पाहत होती. तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नवी साडी नेसून येळवसेची वाट धरली होती. मल्लिनाथने वाटेत काय बोलायचे याची मनात जुळणी केली. पहिले वाक्य तीन प्रकारे तयार होते.

त्यांतले एकही लागले नाही. शिवशरण फेरीला गेला होता. जिथे लिंब होता तिथे ट्रॉलीच्या चाकांनी घट्ट झालेली मोकळी जमीन होती, कोप थोडी सरकून पिकाच्या कडेला घातलेली होती. वहिनीने, कस्तुराबाईने, चुलीवरून मान वर केली, पाहिले, आणि जणू काल भेटल्यासारखी म्हणाली, "भाऊजी, आलात? जाळ घाला जरा, डोळं चाललं माझं." मल्लिनाथने जाळ घातला. लांबून 'ओलगे' असा पुकारा येत होता; त्यातला भावाचा आवाज त्याने ओळखला. पहिल्यापेक्षा तो बसका झाला होता.

मग तो कोपीत शिरला. पाच दगड ताज्या चुन्याने ओले होते. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून तो पालथा पडला, हनुवटी मातीला टेकवली आणि पाचव्या दगडाच्या उंचीवरून बाहेर पाहू लागला. पँटला चुना लागला. चष्मा तिरका झाला.

"काय हरवलं?"

कोपीच्या तोंडाशी दोन पाय उभे होते. खांद्यावरून उतरवलेली घोंगडी त्यांच्या शेजारी खाली टेकली.

"काही नाही," मल्लिनाथ पडल्या पडल्या म्हणाला. "ह्याला इथून काय दिसतं ते बघतोय."

"म्हंजे एवढी चित्रं न बघताच काढलीस व्हय?"

"तुम्ही पाहिली?"

"पोरीनं फोनवर दाखवली. तुझ्या गायत्रीनं तिला धाडली हुती म्हनं." एका पायाने घोंगडी बाजूला सारली. "झाड तेवढं परत लावलंस कागदावर. चांगलं केलंस. तिथं ट्रॉली वळवायची न्हाय कुणाला. आन माझं पाय लई बारीक काढलेत. असलं पाय हाईत व्हय माझं?"

"अण्णा, वाटा कुठं ठेवायचे तुम्ही?"

पाय हलले नाहीत. "कुणी सांगितलं?"

"अव्वानं."

"अव्वाच्या तोंडाला कुलूप न्हाय."

"आज ठेवा की. मला एकदा बघायचाय."

"खुळा का शाना तू?" शिवशरण म्हणाला. "तू हितं असताना तुझा वाटा कसा ठेवू? न आलेल्याचा असतो त्यो. आलेल्यानं गप पंगतीत बसायचं."

हे मल्लिनाथच्या ध्यानात आले नव्हते. तो इथे असेल त्या वर्षी पान ठेवले जाणार नाही, आणि पान ठेवले जाईल त्या वर्षी तो इथे नसेल. जगात एकच गोष्ट केवळ त्याच्यासाठी, वर्षामागून वर्षे, न चुकता होत आली होती, आणि ती पाहण्याची सोय कुठल्याही कचेरीत अर्ज करून मिळणारी नव्हती. तो उठला नाही. मातीचा आणि चुन्याचा वास त्याच्या नाकात भरला होता आणि चष्म्याची एक काच धुरकट झाली होती.

"मग सांगा तरी," तो म्हणाला. "केवढा असायचा?"

"सांगण्यासारखं काय त्यात? पळसाचं पान. पानावर उंडा, वरनं भज्जी."

"आंबील?"

"आंबील तुला आवडत न्हाय."

"समोर ठेवायचे? की कडेला?"

"म्होरं म्हंजे म्होरं. दगडाला टेकून. कुत्र्यानं वडू नये म्हनून." बाहेर चुलीपाशी बायका कशावरून तरी हसत होत्या. मग शिवशरण खाली बसला. उकिडवा बसताना त्याचे दोन्ही गुडघे वाजले. त्याने उजव्या हाताची मूठ वळली आणि ती पाचव्या दगडापुढे, मल्लिनाथच्या डोळ्यांपुढे, मातीवर ठेवली.

"एवढा. ह्याच्यापेक्षा वाईच मोठा असंल."

मल्लिनाथ पाहू लागला. बोटांच्या पेरांवर चुना वाळला होता. एका नखाखाली रक्त साकळून काळे पडले होते. मनगटावरचा दोरा ओला होता, त्याला आंबिलीचा एक थेंब चिकटलेला. पलीकडे काहीही नव्हते. ज्वारी, पाणी, येणारेजाणारे पाय, आजवर त्याने काढलेले सगळे त्या मुठीमागे गेले होते.

"दिसलं का?" शिवशरणने विचारले.

"अजून नाही."

"आता आनि काय बघायचंय?"

"राहू द्या जरा, अण्णा. हलवू नका."

बाहेरून कस्तुराबाईने भज्जी निवते आहे म्हणून हाक मारली. शिवशरणने "आलो" म्हणून ओ दिली आणि मूठ होती तशी राहू दिली.